पाण्यात म्हैस, बाहेर मोल : क्रूझवरील हिरेखरेदीचे धोके

कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर शार्लट अमाली नावाचे टुमदार बंदर आहे. सकाळी आठच्या सुमारास एखादे महाकाय प्रवासी जहाज तेथील धक्क्याला लागते आणि तास-दोन तासांत दोन-तीन हजार प्रवासी गावात उतरतात. डेन्मार्कच्या अमदानीत जेथे साखर आणि रम साठवली जाई, त्या जाड दगडी भिंतींच्या गोदामांत आता सराफी दुकाने थाटलेली आहेत. दारात उभा असलेला विक्रेता हसतमुखाने आत बोलावतो, हातात थंड पेयाचा पेला देतो आणि मखमली तबकावर लखलखणाऱ्या अंगठ्यांची रांग मांडतो. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास जहाजाचा भोंगा वाजणार असतो. म्हणजे हजारो डॉलरचा निर्णय घेण्यासाठी पर्यटकाच्या हाती असतात ते जेमतेम सहा-सात तास, आणि त्यातच भोजन, भटकंती व समुद्रस्नानही उरकायचे असते.

हे दृश्य केवळ सेंट थॉमसचे नाही. सिंट मार्टेनमधील फिलिप्सबर्ग, बहामातील नासाऊ, मेक्सिकोतील कोझुमेल, इतकेच काय पण थेट अलास्कातील केचिकान आणि जुनो येथेही धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर हिऱ्यांच्या दुकानांची अशीच दाटी आढळते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे गेलेले मराठी आई-वडील आता मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून सुटणाऱ्या या सफरींवर आवर्जून जातात. लग्नाचा रौप्यमहोत्सव असतो, मुलाचा आग्रह असतो, 'येथे कर नाही, त्यामुळे स्वस्त' असे जहाजावर ऐकलेले असते. आयुष्यभर प्रत्येक तोळ्याचा हिशेब ठेवलेल्या माणसाचा हात अशा वेळी सैल सुटतो.

या बंदरांतील सर्वच दुकानदार लबाड आहेत, असे मुळीच नव्हे. पिढ्यान् पिढ्या सचोटीने व्यापार करणाऱ्या पेढ्याही तेथे आहेत. तथापि, त्या व्यवहाराची रचनाच अशी आहे की, त्यात माहिती, वेळ आणि कायदा या तीनही बाजूंनी ग्राहक दुबळा ठरतो. पाण्यात म्हैस असताना बाहेर तिचे मोल ठरवू नये, असे आपल्याकडे म्हणतात. क्रूझवरील हिरेखरेदीत नेमके तेच घडते.

'करमुक्त' म्हणजे नेमके काय?

पहिला गैरसमज 'ड्यूटी फ्री' या शब्दाविषयी आहे. डॅनिश राजवटीत अठराव्या शतकातच सेंट थॉमस मुक्त बंदर म्हणून नावारूपाला आले. अमेरिकेने १९१७ साली अडीच कोटी डॉलर मोजून ही बेटे विकत घेतली, तरी ती परंपरा कायम राहिली. मात्र 'करमुक्त' याचा अर्थ त्या बेटावरचा कर दुकानदाराला किंवा ग्राहकाला पडत नाही, एवढाच. ग्राहक आपल्या घरी परतल्यावर तेथील सीमाशुल्क त्याला लागू होतेच. अमेरिकेच्या रहिवाशाला कॅरिबियनमधील बहुतेक देशांतून परतताना ८०० डॉलरपर्यंत आणि अमेरिकी व्हर्जिन बेटांतून परतताना १,६०० डॉलरपर्यंतच्या मालावर सवलत मिळते. त्यापुढील मालाची घोषणा करावी लागते.

भारतात परतणाऱ्या प्रवाशाने तर अधिकच सावध राहायला हवे. परदेशात वर्षभराहून अधिक काळ राहून येणाऱ्यांना दागिन्यांसाठी जी वेगळी सवलत मिळते, ती पंधरा दिवसांच्या किंवा तीन महिन्यांच्या पाहुण्याला लागू होत नाही. नवी अंगठी बोटात घालून हिरव्या मार्गिकेतून निघून जाणे हा चतुरपणा नसून सीमाशुल्क कायद्याचा भंग आहे. पकडले गेल्यास शुल्काबरोबर दंड भरावा लागतो, प्रसंगी दागिनाही जप्त होतो.

आता बचतीचा हिशेब पाहू. न्यूयॉर्क शहरात विक्रीकर ८.८७५ टक्के आहे. पाच हजार डॉलरच्या अंगठीवर तो सुमारे ४४४ डॉलर होतो. बेटावर खरेदी केल्याने वाचते ती फार तर एवढी रक्कम, आणि तीही कायद्याच्या काटेकोर अर्थाने वाचत नाही. कारण बाहेरून आणलेल्या वस्तूवर राज्याचा 'वापर कर' देणे रहिवाशावर बंधनकारक असते. सुट्या पैलूदार हिऱ्यांवर तर २०२५ पूर्वी कित्येक वर्षे अमेरिकेत आयातशुल्कच नव्हते. म्हणजे हिऱ्याच्या बाबतीत 'शुल्क वाचते म्हणून निम्म्या किमतीत' हे गणित मुळातच जमणारे नव्हते. मग काचेवर झळकणारी सत्तर टक्के सूट येते कोठून? सतरा हजार डॉलरची चिठ्ठी लावलेली अंगठी ५,१०० डॉलरना दिली, तर सत्तर टक्के सूट होते खरी. परंतु तिची खरी किंमत कधी सतरा हजार होती काय, हा प्रश्न विचारायला कोणाला सवड नसते.

जहाजावरील 'सल्लागार'

बहुतेक मोठ्या जहाजांवर बंदरातील खरेदीविषयी व्याख्याने होतात. व्याख्याता हिऱ्यांची माहिती देतो, नकाशा वाटतो आणि त्यावर 'शिफारस केलेली' दुकाने खुणावलेली असतात. सोबत एखादे मोफत पदक किंवा कानातल्या खड्याचे कुपन असते. ते घेण्यासाठी त्या दुकानात पाऊल टाकावेच लागते. प्रवाशांना वाटते, हा आपला वाटाड्या आहे. वस्तुतः ही एक जाहिरात-व्यवस्था आहे. नकाशावर झळकण्यासाठी दुकाने शुल्क मोजतात. नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. हे शुल्क दुकानदार स्वतःच्या खिशातून भरत नाही, ते शेवटी अंगठीच्या किमतीतूनच वसूल होते, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

अलास्कात हा विषय सार्वजनिक वादाचा ठरला. तेथील मतदारांनी २००६ मध्ये सार्वमताने मंजूर केलेल्या क्रूझविषयक कायद्यात, जहाजावरून किनाऱ्यावरील व्यवसायांची भलामण पैसे घेऊन होत असेल तर प्रवाशांना ते स्पष्ट सांगितले पाहिजे, अशीही तरतूद होती. पुढे २०१४ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने जहाजांवर असे खरेदी-कार्यक्रम चालविणाऱ्या तीन कंपन्यांशी दंडासह तडजोड केली. प्रवाशांची दिशाभूल होत असल्याचा तिचा आक्षेप होता. याचा अर्थ प्रत्येक व्याख्याता खोटे बोलतो असा नाही. परंतु त्याचे बोलणे सल्ला म्हणून नव्हे, तर जाहिरात म्हणून ऐकायला हवे.

हमी कशाची?

शिफारस केलेल्या दुकानातील खरेदीला 'हमी' असते, हे दुसरे आकर्षण. तिच्या अटी मात्र क्वचितच वाचल्या जातात. साधारणतः ही हमी ठरावीक दिवसांची, बहुधा तीस किंवा साठ दिवसांची असते आणि तिच्यात दुरुस्ती किंवा बदली यांचे आश्वासन असते, पैसे परत करण्याचे नव्हे. 'घरी आल्यावर महाग वाटली' किंवा 'स्थानिक सराफाने कमी किंमत सांगितली' ही कारणे तिच्यात बहुधा बसत नाहीत. जहाज कंपनीच्या तिकिटावरील करारातही किनाऱ्यावरील दुकाने स्वतंत्र व्यावसायिक असून त्यांची जबाबदारी कंपनीवर नाही, असे कलम सहसा असतेच.

तीन दिवसांत व्यवहार रद्द करता येतो, असाही अनेकांचा समज असतो. अमेरिकेतील तो नियम घरी येऊन किंवा दुकानाव्यतिरिक्त तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीपुरता आहे. ग्राहक स्वतःच्या पायांनी दुकानात गेला असेल, तर तो लागू होत नाही.

दिवे, ऊन आणि हिरा

हिऱ्याची पारख वजन, रंग, निर्मळता आणि पैलूकाम या चार कसोट्यांवर होते. या कसोट्या सर्वत्र रूढ करण्याचे श्रेय १९३१ साली स्थापन झालेल्या 'जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका' अर्थात जीआयए या संस्थेला जाते. तिच्या श्रेणीत रंगहीन हिरा 'डी' ठरतो आणि पिवळसर झाक वाढत जाईल तसे अक्षर 'झेड'कडे सरकते. लागोपाठच्या दोन श्रेणींतील फरक सामान्य डोळ्यांना जाणवत नाही, किमतीत मात्र तो ठळकपणे उतरतो. 'जी' म्हणून सांगितलेला खडा प्रत्यक्षात 'जे' निघाला, तर ग्राहकाने न मिळालेल्या तीन पायऱ्यांचे पैसे मोजलेले असतात.

दुकानातील प्रखर दिवे प्रत्येक पैलूला ठिणग्या फोडायला लावतात आणि त्या झगमगाटात पिवळी झाक व आतील डाग लपून जातात. बाहेर उन्हात नेऊन पाहावे, तर तेथेही एक गोम आहे. साधारण २५ ते ३५ टक्के हिऱ्यांमध्ये अतिनील किरणांखाली कमी-अधिक चमकण्याचा गुण असतो आणि ही चमक बहुधा निळी असते. उष्ण कटिबंधातील कडक उन्हात ती जागी होते आणि पिवळसर खडा पांढरा भासतो. तोच खडा पुण्यातील दिवाणखान्यात आला की त्याचे मूळ रूप उघडे पडते.

शिवाय, कोंदणात बसवलेल्या हिऱ्याचा रंग, वजन आणि निर्मळता यांचा केवळ अंदाज बांधता येतो. जीआयए श्रेणी देते ती सुट्या हिऱ्यालाच. त्यामुळे तयार अंगठीवरील छोटी चिठ्ठी हे दुकानदाराचे मत असते, प्रमाणपत्र नव्हे.

वजनाचे गणित

एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. पण 'एक कॅरटची अंगठी' आणि 'एक कॅरटचा हिरा' या दोन भिन्न गोष्टी आहेत. ०.०५ कॅरटचे वीस खडे बसवले तरी एकूण वजन एक कॅरट भरते, मात्र त्या वीस खड्यांची किंमत एका अखंड कॅरटच्या तुलनेत फारच कमी असते. कारण मोठा खडा दुर्मीळ असतो आणि वजन वाढते तसा प्रतिकॅरट दरही चढत जातो. पावतीवर 'एकूण वजन' असे शब्द असतील, तर मधल्या खड्याचे वजन वेगळे विचारायला हवे. एक कॅरटच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे साडेसहा मिलिमीटर असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होते.

अपूर्णांकातही खाच आहे. अमेरिकी संघीय व्यापार आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'अर्धा कॅरट' म्हणून विकलेला खडा ०.४७ ते ०.५४ कॅरटच्या दरम्यान असू शकतो. म्हणून वजन अपूर्णांकात नव्हे, तर दशांशात लिहून घ्यावे.

प्रमाणपत्र दाखवले, तरी ते कोणत्या प्रयोगशाळेचे हे महत्त्वाचे ठरते. काही प्रयोगशाळा सैल हाताने श्रेणी देतात, हे व्यापारात उघड गुपित आहे. म्हणूनच 'रॅपनेट' या हिरे व्यापाऱ्यांच्या बड्या ऑनलाइन बाजाराने १ ऑक्टोबर २०१४ पासून 'ईजीएल' या नावाने दिल्या जाणाऱ्या अहवालांना आपले दार बंद केले.

नैसर्गिक, प्रयोगशाळेतला आणि 'सुधारलेला'

गेल्या काही वर्षांत या बाजारात मोठा भूकंप घडवला तो प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी. हे हिरे नकली नव्हेत. त्यांची रासायनिक व स्फटिकी रचना खाणीतील हिऱ्यासारखीच असते. अमेरिकी संघीय व्यापार आयोगाने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द वगळला, मात्र खडा प्रयोगशाळेतला असेल तर तसे सांगण्याचे बंधन कायम ठेवले. त्याच वर्षी डी बीअर्सने 'लाइटबॉक्स' या नाममुद्रेखाली असे हिरे ८०० डॉलर प्रतिकॅरट दराने बाजारात आणले. त्यानंतर भाव कोसळत गेले आणि २०२५ मध्ये कंपनीने ही नाममुद्राच गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएनेही प्रयोगशाळेतील हिऱ्यांना 'डी' ते 'झेड' ही श्रेणी देणे थांबवून केवळ दोन ढोबळ वर्ग ठेवले आहेत.

ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, डोळ्यांना सारखे दिसणारे दोन खडे किमतीत कित्येक पटींनी भिन्न असू शकतात. भिंगातून पाहून हा फरक कळत नाही. दुकानात पेनसारखे उपकरण खड्याला टेकवून 'पाहा, अस्सल हिरा' असे दाखवतात, ते बहुधा उष्णतावहन मोजते. त्याला प्रयोगशाळेतला हिराही हिराच वाटतो. मॉइसॅनाइट हा वेगळाच खडाही अशा साध्या यंत्राला चकवतो.

तिसरा प्रकार 'सुधारलेल्या' हिऱ्यांचा. हिऱ्यातील भेगांत काचेसारखा पदार्थ भरला, की डाग नाहीसे झाल्यासारखे दिसतात. पुढे अंगठी सैल करण्यासाठी सराफाने ज्योत लावली, तर तो भराव बिघडतो आणि भेग पुन्हा डोके वर काढते. असे हिरे जीआयए श्रेणीसाठी स्वीकारत नाही. विकताना ही प्रक्रिया सांगणे आवश्यक असते, पण तोंडी ओझरते सांगणे आणि पावतीवर लिहून देणे यांत फार अंतर आहे. अमेरिकी आयोगाचे नियम सेंट थॉमस आणि अलास्कात लागू होतात. सिंट मार्टेन, नासाऊ किंवा कोझुमेल येथे ते लागू नाहीत, हेही विसरता कामा नये.

मूल्यांकनाचा कागद

अंगठीसोबत दुकानदार अनेकदा एक रुबाबदार मूल्यांकनपत्र देतो. पाच हजारांना घेतलेल्या दागिन्याची किंमत त्यावर दहा हजार लिहिलेली असते आणि ग्राहक 'दुप्पट फायदा झाला' या आनंदात जहाजावर परततो. परंतु जो विकतो, त्यानेच केलेले मूल्यांकन म्हणजे वराच्या वडिलांनी वराची केलेली स्तुती होय! त्या आकड्याला कोणी खरेदीदार मिळत नाही. उलट त्यावर विमा उतरवला, तर हप्ता फुगलेल्या किमतीचा भरावा लागतो आणि नुकसान झाल्यास विमा कंपनी बदली दागिन्याच्या खऱ्या किमतीएवढीच भरपाई देऊ शकते.

दागिना ही गुंतवणूक असल्याचा दावाही असाच. हिऱ्याचा दागिना परत विकायला गेल्यास किरकोळ किमतीच्या जवळपासही रक्कम हाती येत नाही. सोन्यासारखा त्याचा रोजचा जाहीर भाव नसतो. 'हे रत्न लवकरच दुर्मीळ होणार' असे सांगून टांझानियात १९६७ साली सापडलेले निळे-जांभळे टांझानाइटही या बंदरांत हिऱ्यांच्या जोडीने जोरात विकले जाते. त्याचे काठिण्य मोजपट्टीवर ६ ते ७ एवढेच, तर हिऱ्याचे १० असते. रोजच्या वापरातील अंगठीत ते लवकर झिजते, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

तक्रार कोठे करायची?

जहाजाने नांगर उचलला, की ग्राहक आणि दुकान यांच्यात समुद्रच नव्हे, तर कायद्याची सीमाही येते. अलास्कातील अनेक दुकाने तर उन्हाळी हंगाम सरला की बंदच होतात. दागिना टपालाने परत पाठवायचा म्हटले तरी विमा, शुल्काची कागदपत्रे आणि वाटेत गहाळ होण्याची धास्ती आहेच. भारतातील ग्राहक मंचाकडे दाद मागितली, तरी परदेशातील दुकानावर निकालाची अंमलबजावणी करणे जवळजवळ अशक्यप्राय ठरते.

क्रेडिट कार्डाचा आधार त्यातल्या त्यात बरा. परंतु त्यालाही मर्यादा आहेत. अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्यानुसार मालाच्या दर्जाविषयीची तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेविरुद्ध नेण्यासाठी खरेदी ग्राहकाच्या स्वतःच्या राज्यात किंवा घरापासून शंभर मैलांच्या आत झालेली असावी लागते. कार्ड-व्यवस्थेच्या स्वतःच्या नियमांनुसार 'वर्णनाप्रमाणे माल नाही' अशी हरकत घेता येते खरी, पण त्यासाठी वर्णन लेखी हवे. 'विक्रेत्याने तोंडी सांगितले होते' हा पुरावा ठरत नाही.

येथे एक मानवी बाजूही आहे. कॅरिबियनमधील करमुक्त व्यापारात सिंधी व्यापारी कुटुंबे अनेक दशकांपासून पाय रोवून आहेत. परक्या बेटावर अचानक हिंदी शब्द कानी पडतात, 'मुंबईत कुठे राहता?' अशी चौकशी होते आणि सावधपणा विरघळतो. आपुलकी खरी असेलही, पण पावतीवर आपुलकी लिहिली जात नाही.

एवढी दक्षता हवी

याउपर खरेदी करायचीच असेल, तर काही पथ्ये पाळावीत. निघण्यापूर्वीच आपल्याला कोणत्या वजनाचा आणि श्रेणीचा हिरा हवा हे ठरवून त्याची घरच्या बाजारातील किंमत पाहून ठेवावी, कारण तुलनेला आधार असल्याशिवाय 'स्वस्त' या शब्दाला अर्थ नसतो. मोठ्या खड्यासाठी नामांकित स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, त्याचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तेथेच पडताळावा आणि खड्याच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकाशी भिंगातून जुळवून पाहावा. क्रमांक जुळला म्हणून पूर्ण निश्चिंत होऊ नये. खोटे क्रमांक कोरलेले प्रयोगशाळेतील हिरेही तपासणीत सापडलेले आहेत. पावतीवर खड्याचे दशांशातील वजन, रंग, निर्मळता, तो नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेतला, त्यावर काही प्रक्रिया झाली आहे काय, धातूची शुद्धता आणि पैसे परत देण्याची अट हे सारे लिहून घ्यावे. एवढे लिहून द्यायला विक्रेता कांकू करू लागला, तर तेच पुरेसे उत्तर समजावे. पैसे कार्डानेच द्यावेत आणि घरी पोहोचताच विक्रीशी संबंध नसलेल्या रत्नपारख्याकडून तपासणी करून घ्यावी. परदेशी हमीचे मोजके दिवस तोवर सरत असतात.

या साऱ्यात एक विसंगती मात्र डोळ्यांत भरते. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे सुरतेच्या कारागिरांच्या हातून जातात आणि त्यांच्या व्यापाराचे एक मोठे केंद्र मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये आहे. म्हणजे सेंट थॉमसच्या तबकात लखलखणारा तो खडा बहुधा सुरतेहून मुंबईमार्गे निघालेला असतो. वाटेत तो दलाल, घाऊक व्यापारी, बंदरातले भाडे आणि जहाजावरील जाहिरात यांचे ओझे अंगावर चढवतो आणि अखेर 'स्वस्त' म्हणून पुण्या-मुंबईच्या पर्यटकाच्या बोटात जाऊन बसतो. घरच्या सराफाची पेढी दुसऱ्या दिवशीही तेथेच असते, जहाज मात्र संध्याकाळी सुटलेले असते. समुद्रसफरीची आठवण म्हणून छायाचित्रे, शंख-शिंपले आणि फार तर एखादी छोटी, मनाला भावलेली वस्तू आणावी. रौप्यमहोत्सवाची अंगठी घरी परतल्यावर, चार दुकाने फिरून, निवांतपणे घेतली तर तिचे पाणी दोघांनाही अधिक निर्मळ दिसेल.